परिचारिकांच्या उत्तरांचे गुच्छ



आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. इस्पितळांत आणि दवाखान्यांत काम करणाऱ्या परिचारिकांना, म्हणजे आपण ज्यांना सिस्टर किंवा नर्सबाई म्हणतो त्यांना, छापील प्रश्न विचारून माहिती गोळा करतात. तिला पाहणी म्हणतात. या पाहणीत जमलेल्या उत्तरांतून काय शोधायचे आणि कसे शोधायचे, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, "आम्हांला याचं काय? आम्ही शेतावरची माणसं, आम्ही शाळेतली माणसं." पण असे पाहा. घरातले माणूस इस्पितळात पडलेले असते, रात्रीचे दोन वाजलेले असतात, सलाईनची बाटली संपत आलेली असते. अशा वेळी हाक मारली की जी येते ती सिस्टर. ती ताजीतवानी आहे की पेंगुळलेली, तिच्या अंगावर दहा खाटांचा भार आहे की चाळीस, यावर आपल्या माणसाचे पुष्कळ काही अवलंबून असते. तेव्हा तिचे काय चालले आहे हे नीट समजून घेण्यात आपलाही स्वार्थ आहे.

हे मी नुसते मनाने बोलत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातल्या १६८ इस्पितळांचा अभ्यास लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो २००२ साली प्रसिद्ध झाला. १०,००० हून अधिक परिचारिकांची उत्तरे एका बाजूला, आणि शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या बाजूला, अशी त्यांनी सांगड घातली. तेव्हा असे दिसले की, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, आणि परिचारिका कामाने खचून जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी वाढतो. शिक्षकांनी येथे एक गोष्ट मुलांना जरूर समजावून सांगावी. ७ टक्के वाढ याचा अर्थ शंभर रुग्णांत सात जास्त दगावले असा होत नाही. मूळचा जो काही थोडाबहुत संभव असेल, त्याच्यात त्याच्याच ७ टक्क्यांएवढी भर पडली, असा त्याचा अर्थ. पण ही भरसुद्धा हजारो रुग्णांच्या हिशेबात धरली म्हणजे लहान राहत नाही.

आता पाहणीकडे वळू. परिचारिकेला विचारायचे तरी काय? १९८१ साली क्रिस्टीना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन या दोन विदुषींनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती पुढे जगभर वापरली गेली. तीत २२ विधाने आहेत. प्रत्येक विधानापुढे आपल्याला असे किती वेळा वाटते ते आकड्याने सांगायचे. कधीच वाटत नसेल तर ०, रोज वाटत असेल तर ६, आणि मधल्या पायऱ्यांना मधले आकडे. या विधानांतून तीन गोष्टी मोजल्या जातात. पहिली, मनाचा थकवा. दुसरी, दुरावा, म्हणजे समोरच्या रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहता नुसता खाट-नंबर म्हणून पाहण्याकडे मनाचा कल होणे. आणि तिसरी, आपल्या हातून काही चांगले होत आहे ही भावना.

समजा, एखाद्या जिल्ह्यातल्या पाचशे परिचारिकांनी असे कागद भरून दिले. कचेरीत त्यांचा गठ्ठा आला. आता पुढे काय? बहुतेक ठिकाणी पुढे होते ते असे, की सगळ्या आकड्यांची बेरीज करतात, पाचशेने भागतात आणि सरासरी काढतात. "आमच्या परिचारिकांचा थकवा सरासरी इतका आहे," असे एक वाक्य अहवालात जाते, आणि गठ्ठा कपाटात जातो.

सरासरी ही उपयोगाची गोष्ट आहे, पण तिच्या पोटात काय दडते हे शिक्षकांना मी सांगायला नको. वर्गात चाळीस मुले आहेत. वीस मुलांना ८० गुण मिळाले, वीस मुलांना २०. वर्गाची सरासरी ५०. आता ५० गुणांच्या मुलाला झेपेल असा धडा शिकवू लागलो, तर निम्मी मुले जांभया देतील आणि निम्म्यांना काही कळणार नाही. ज्या मुलासाठी आपण धडा बेतला, तो मुलगा त्या वर्गात बसलेलाच नाही!

परिचारिकांच्या बाबतीत हाच प्रकार कसा होतो, ते एका लहानशा उदाहरणाने पाहू. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. सहा परिचारिका आहेत. त्यांना क, ख, ग, घ, च, छ अशी नावे देऊ. प्रत्येकीचे दोन आकडे. पहिला थकव्याचा, दुसरा दुराव्याचा. क चे आकडे ६ आणि १. ख चे ५ आणि २. ग चे १ आणि ६. घ चे २ आणि ५. च चे ० आणि १. छ चे १ आणि ०.

थकव्याच्या आकड्यांची बेरीज करा. १५ येते. सहाने भागा, अडीच. दुराव्याची बेरीज करा. तीही १५, सरासरी अडीच. म्हणजे अहवालात येईल की आमच्या परिचारिकांचा थकवा अडीच आणि दुरावा अडीच. फार नाही, थोडाही नाही. ठीक चालले आहे. पण या सहा जणींत दोन्ही आकडे अडीचच्या आसपास असलेली एक तरी बाई आहे का? एकही नाही. क आणि ख थकून मेटाकुटीला आल्या आहेत, पण रुग्णांविषयी त्यांची माया आटलेली नाही. ग आणि घ यांच्या अंगात थकवा फारसा नाही, पण त्यांचे मन कामातून उठले आहे. आणि च व छ यांचे उत्तम चालले आहे. तीन जोड्या, तीन तऱ्हा, आणि सरासरी मात्र या तिन्हींपैकी कोणाचीच नाही.

हे सहा कागद आपण डोळ्यांनी पाहिले म्हणून जोड्या लगेच ओळखल्या. कागद पाचशे असले आणि प्रत्येकावर बावीस उत्तरे असली, तर डोळ्यांचा इलाज चालत नाही. तेथे एक पद्धत लागते. इंग्रजीत तिला क्लस्टर ॲनालिसिस म्हणतात. आपण तिला गुच्छ-विश्लेषण म्हणू. एकमेकींसारखी उत्तरे देणाऱ्या व्यक्ती एका गुच्छात आणि वेगळी उत्तरे देणाऱ्या दुसऱ्या गुच्छात पडाव्यात, असा हिशेब लावून गट शोधून काढायचे, एवढेच तिचे सूत्र.

येथे कोणी म्हणेल, गट पाडणे तर आम्ही रोजच करतो. कांदा बाजारात नेण्यापूर्वी मोठा कांदा वेगळा काढतो, गोल्टी वेगळी काढतो. खरे आहे. पण तेथे प्रती आधी ठरलेल्या असतात. कोणत्या मापाचा कांदा कोणत्या ढिगात टाकायचा हे आपल्याला आधीच ठाऊक असते. परिचर्येच्या इतिहासातही असे आधी ठरवलेले गट पाडून मोठे काम झालेले आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण त्या आकड्यांच्याही मोठ्या जाणकार होत्या. सैनिक कशाने मेले याचे त्यांनी तीन भाग केले: टाळता येण्यासारखे रोग, जखमा, आणि इतर कारणे. त्यांची रंगीत चित्रे काढून १८५८ साली छापली. शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीने आणि रोगराईने कितीतरी अधिक सैनिक गेले, हे त्या चित्रांनी एका दृष्टिक्षेपात दाखवले. त्याच साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या. हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली आयोग नेमला गेला, तेव्हा छावण्याछावण्यांना पाठवायची छापील प्रश्नावली तयार करण्यातही त्यांचा हात होता. परिचर्या आणि पाहणी यांचे नाते असे जुने आहे.

नाइटिंगेलबाईंना गट आधी ठाऊक होते. गुच्छ-विश्लेषणात ते ठाऊक नसतात. किती ढीग पडतील आणि कोणत्या खुणेने पडतील, हे उत्तरांनाच विचारायचे असते. या पद्धतीचे वेगळेपण येथे आहे.

मग हे उत्तरांना विचारायचे कसे? पहिली पायरी अंतराची. गावातल्या दोन घरांचे अंतर आपण पावलांनी मोजतो, तसे दोन माणसांच्या उत्तरांचे अंतर आकड्यांनी मोजायचे. आपल्या उदाहरणातील क आणि ख घ्या. थकव्यात ६ आणि ५, फरक १. दुराव्यात १ आणि २, फरक १. दोन्ही मिळून अंतर २. आता क आणि ग घ्या. थकव्यात फरक ५, दुराव्यात फरक ५, मिळून अंतर १०. अशा सगळ्या जोड्या लावून पाहिल्या तर पंधरा होतात. त्यांपैकी तीन जोड्यांचे अंतर २ येते, आणि उरलेल्या बारा जोड्यांत ६ पेक्षा कमी अंतर एकाही जोडीचे नाही. गुच्छ असे आपणहून दिसू लागतात. शिक्षकांनी सहा कार्डांवर हे आकडे लिहून सातवी-आठवीच्या मुलांकडून हा हिशेब करून घ्यावा. नुसती बेरीज-वजाबाकी आहे. अर्ध्या तासाचा खेळ होईल.

दुसरी पायरी गुच्छ बांधण्याची. त्याच्या दोन रीती विशेष चालतात. पहिली रीत अशी: सर्वांत जवळचे दोघे एकत्र बांधा, मग त्यांच्या जवळचा तिसरा शोधा किंवा दुसरी जवळची जोडी बांधा, असे करत करत शेवटी सगळे एका मोळीत येतात. या बांधणीचे चित्र काढले की ते वंशवृक्षासारखे दिसते. जेथे फांद्या लांब असतील तेथे कात्री लावली की गट सुटे होतात. गटाच्या पोटातला विस्कळीतपणा शक्य तितका कमी वाढेल असे पाहून बांधत जायची वॉर्ड यांची रीत १९६३ साली प्रसिद्ध झाली. ती आजही फार वापरात आहे.

दुसरी रीत हातपंपाची. म्हणजे नाव मी दिले आहे, पण रीत जुनीच आहे. पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९५६ साली तिची कल्पना मांडली आणि मॅकक्वीन यांनी १९६७ साली तिला आजचे प्रचलित इंग्रजी नाव दिले. समजा, एका वाडीत घरे विखुरलेली आहेत आणि तीन हातपंप बसवायचे आहेत. आधी अंदाजाने तीन जागा धरा. प्रत्येक घराने आपल्याला जवळ पडेल त्या पंपावर जावे. मग प्रत्येक पंप त्याच्याकडे आलेल्या घरांच्या मध्यावर हलवा. पंप हलला की काही घरांना दुसराच पंप जवळचा होतो. ती तिकडे जातात. पुन्हा पंप मध्यावर हलवा. असे करत करत एक वेळ अशी येते की एकही घर जागा बदलत नाही. तेथे थांबायचे. घरांच्या जागी परिचारिकांची उत्तरे धरा, म्हणजे झाले. पहिल्या जागा चुकीच्या धरल्या तर शेवटही चुकतो, म्हणून निरनिराळ्या जागांपासून पुष्कळ वेळा सुरुवात करून पाहतात. संगणकाला हे काम क्षणाचे.

या शास्त्रात आपल्या देशाचाही मोठा वाटा आहे. कलकत्त्यास १९३१ साली भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३६ साली अंतर मोजण्याची एक नवी रीत मांडली. तिला जगभर महालनोबीस अंतर म्हणतात. तिचे मर्म असे. "मी थकते" आणि "मला झोप पुरत नाही" ही दोन उत्तरे बहुधा जोडीने येतात. दोन्ही वेगवेगळी धरून मोजली तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखे होते. महालनोबिसांच्या रीतीत हा एकमेकांतला संबंध वजा होतो. संयुक्त प्रांतात १९४१ साली मजुमदार यांनी निरनिराळ्या समाजांतील लोकांच्या शरीराची मापे घेतली होती. १९४९ साली महालनोबीस, मजुमदार आणि राधाकृष्ण राव यांनी त्या मापांवरून कोणते समाज एकमेकांच्या जवळ पडतात याचे विवेचन प्रसिद्ध केले. आज परिचारिकांच्या उत्तरांवर जे हत्यार चालते, त्याची धार काही अंशी येथेच लावलेली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गुच्छ पाडून मिळवायचे काय? क्रिस्टीना मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी २०१६ साली इस्पितळांतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेली पद्धत गुच्छ-विश्लेषणाच्या घराण्यातलीच आहे. त्यांना पाच तऱ्हा आढळल्या. एका टोकाला ज्यांचे तिन्ही बाबतींत बरे चालले आहे असे लोक, आणि दुसऱ्या टोकाला जे तिन्ही बाबतींत खचले आहेत असे लोक. या दोन तऱ्हा कोणीही आधी सांगितल्या असत्या. पण मध्ये तीन निघाल्या: नुसता थकवा असलेले, नुसता दुरावा आलेले, आणि आपल्या हातून काही होत नाही एवढेच वाटणारे. नुसते थकलेल्यांची मुख्य तक्रार कामाच्या बोज्याची होती. नुसता दुरावा आलेल्यांची अवस्था त्यांच्याहून वाईट निघाली. थकव्याचा एकच आकडा पाहून माणसाची परीक्षा करणाऱ्यांना हा दुसरा गट दिसलाच नसता. तो थकलेला नाही, म्हणून धडधाकट समजला गेला असता.

यातूनच उपाय वेगवेगळे होतात. जी सिस्टर थकली आहे पण रुग्णांवर जीव लावून आहे, तिला मन प्रसन्न ठेवण्यावर व्याख्यान देऊन काय उपयोग? तिला हाताखाली आणखी एक माणूस हवे, रात्रपाळीनंतर पुरती झोप हवी. जिचे मन उठले आहे, तिला नुसती रजा देऊन भागणार नाही. रजेवरून ती परत त्याच जागी येणार. बदल्यांत पक्षपात होतो का, तिच्या शब्दाला वॉर्डात किंमत आहे का, चांगल्या कामाची कोणी दखल घेते का, हे तेथे पाहिले पाहिजे. जिला आपले काम निष्फळ वाटते, तिला कदाचित नवे शिक्षण हवे असेल, कदाचित साधी साधनसामग्री हवी असेल. आणि ज्या वॉर्डातल्या जणींचे बरे चालले आहे, तेथे जाऊन ते का बरे चालले आहे हे विचारावे. सगळ्यांना एकच गोळी दिली, तर एकीला ती लागू पडेल आणि बाकीच्यांचा दिवस फुकट जाईल.

श्रोतेहो, पद्धतीची बाजू सांगितली, आता तिच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत. पहिली खोड अशी की, ही पद्धत कधीच रिकाम्या हाताने परत येत नाही. तीन गट मागा, ती तीन देईल. सात मागा, सात देईल. उत्तरांत खरोखरचे गट नसले तरीही देईल. सपाट माळावरही तीन पंप बसवता येतात आणि प्रत्येक पंपाची घरे मोजता येतात. म्हणून तेथे तीन वाड्या आहेत असे ठरत नाही. यासाठी उत्तरांचा गठ्ठा पिसून दोन भागांत वाटावा आणि दोन्ही भागांत तेच गट निघतात का ते पाहावे. निरनिराळ्या रीतींनी तेच गट येतात का ते पाहावे. प्रत्येक व्यक्ती आपल्या गटात किती घट्ट बसते आणि शेजारच्या गटाच्या किती जवळ आहे, हे मोजण्याचे एक माप रूसेव यांनी १९८७ साली दिले आहे; तेही लावून पाहावे.

दुसरी खोड मापांची. थकव्याचा आकडा ० ते ६, आणि वय २२ ते ५८. दोन्ही तसेच अंतरात घातले तर वयाचे मोठे आकडे थकव्याला गिळून टाकतात, आणि गट पडतात ते केवळ तरुण आणि प्रौढ असे. शेर आणि मण एकाच तागडीत घालण्यापूर्वी ते एका मापात आणावे लागतात, तसे हे आकडेही आधी एका पातळीवर आणावे लागतात.

तिसरी खोड माणसांच्या स्वभावाची. काही जणी प्रत्येक प्रश्नाला मधलाच आकडा लिहितात, काही प्रत्येक वेळी टोकाचा. कधी वरिष्ठ वाचतील या भीतीने सगळेच "छान आहे" असे लिहिले जाते. मग जो गुच्छ निघतो तो मनःस्थितीचा नसतो, कागद भरण्याच्या सवयीचा किंवा भीतीचा असतो. आणि जी सर्वांत जास्त दमली आहे, तिने कागद भरलाच नसेल, तर ती कोणत्याच गुच्छात येत नाही. म्हणून किती कागद वाटले आणि किती परत आले, हा आकडा कोणत्याही अहवालात आधी पाहावा.

चौथी गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जे विचारले नाही, ते कोणतेही गणित शोधून देत नाही. आपल्याकडे मैदानी भागात ५,००० लोकवस्तीला आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, असा दंडक आहे. त्या उपकेंद्रातली नर्सबाई लसीकरणाला वाड्यावस्त्यांवर जाते, गरोदर बायांची नोंद ठेवते, पावसाळ्यात ओढा ओलांडते, आणि संध्याकाळी बसून रजिस्टरे भरते. शहरातल्या इस्पितळासाठी बेतलेल्या प्रश्नावलीत ओढ्याचा प्रश्न नसतो, मुक्कामाच्या एकटेपणाचा नसतो, रजिस्टरांच्या ओझ्याचा नसतो. तेच प्रश्न तिला विचारले तर ती शहरातल्या कोणत्या तरी गटात ओढूनताणून बसवली जाईल. म्हणून प्रश्न तयार करण्यापूर्वी चार नर्सबायांबरोबर चार दिवस हिंडून यावे. पाहणीचा निम्मा चांगुलपणा प्रश्नांतच असतो.

आणि आणखी एक गोष्ट. गुच्छांना नावे देतो ते आपण. "थकलेल्या", "मन उठलेल्या" ही नावे गणिताने दिलेली नाहीत. एकदा नाव चिकटले की ते माणसाच्या कपाळावर गोंदल्यासारखे होते. "ही तिसऱ्या गटातली," असे म्हणून एखाद्या बाईची बढती अडवली गेली, तर जे साधन तिच्या मदतीसाठी निघाले त्याचीच तिला काठी बसली. मोठ्या शहरात पाचशे जणींत एखादी लपून राहते. पण ज्या केंद्रात दोनच सिस्टर आहेत, तेथील कागदावर नाव नसले तरी ती कोण हे शिपायालाही कळते. म्हणून लहान ठिकाणचे आकडे वेगळे छापू नयेत, भरलेले कागद वरिष्ठांच्या हाती जाऊ नयेत, आणि गटांचा उपयोग व्यवस्था सुधारण्यासाठी व्हावा, व्यक्तींची निवड-पाखड करण्यासाठी होऊ नये. ही खात्री दिली तरच पुढच्या वेळी खरी उत्तरे येतात. शाळेत मुलांचे गट पाडणाऱ्या शिक्षकांनीही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'ढ' मुलांचा बाक एकदा ठरला की त्या बाकावरून उठणे मुलाला फार कठीण जाते.

गट सापडले म्हणजे काम संपले असे कोणी समजू नये. संगणकाने सांगितले की दोनशे जणी एका गुच्छात आहेत. पण त्या का एकत्र आल्या, हे त्याला सांगता येत नाही. ते त्यांच्यातल्याच दहा-वीस जणींना भेटून, चहा पीत, घाई न करता विचारावे लागते. कधी असे कळते की त्या सगळ्या एकाच पाळीत आहेत. कधी कळते की त्यांना घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले दोन्ही सांभाळायची आहेत. गुच्छ कोठे जाऊन विचारायचे ते दाखवतो. उत्तर त्या बाईजवळच असते.

तेव्हा तात्पर्य असे. आपल्या तालुक्यात कधी अशी पाहणी झाली आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीत किंवा शाळेत वाचायला मिळाला, तर सरासरीच्या एका आकड्यावर समाधान मानू नका. किती जणींनी उत्तरे दिली, त्यांत निरनिराळ्या तऱ्हा किती निघाल्या, प्रत्येकीसाठी काय केले, असे तीन प्रश्न विचारा. गावचे लोक असे विचारू लागले म्हणजे कचेरीतला गठ्ठा कपाटातून बाहेर येतो. आणि पुढच्या खेपेला आपल्या उपकेंद्रातली नर्सबाई लस टोचायला दारात आली, म्हणजे तिला बसायला पाट द्या, पाणी विचारा, आणि "बाई, आज किती घरं झाली?" एवढे तरी विचारा. तिच्या उत्तराची बेरीज कोठेही होणार नाही, पण ते ऐकून घेणारे कोणी आहे एवढे तिला कळेल.